ओहोटीला आलेली

दिवाळे गावातल्या शाळेत दहा दिवस
चाळीस माणसांचं जेवण, रोजचे सातशे.
मी स्वयंपाकाला होते, ते सेवेला.
हा फरक आधीच सांगून ठेवते.

त्यांच्यात ती, ऐजॉलहून आलेली नर्स.
नाव लालरुआतपुई.
पहिल्या दिवशी माझ्या जिभेला तेवढं पेललं नाही,
रुआती म्हटलं, तर हसली:
घरी आई असंच म्हणते.

हिंदी दोघींची मोडकी,
पण वेगवेगळ्या जागी मोडलेली,
म्हणून जोडता आली.

समुद्र बघायचा होता तिला.
जन्मात पाहिला नव्हता.
जेट्टीवर नेलं, तर ओहोटी.
पाणी पार लांब, उलव्याच्या बाजूला कुठंतरी,
इथं नुसता चिखल, तिवरं, प्लास्टिक,
एक उताणी होडी.
पाहुणी दारात आणि घर झाडलेलं नाही
तशी मला लाज वाटली.
ती म्हणाली, हा रोज जातो?
रोज. दोनदा.
आणि परत येतो? न बोलावता?
चाळीस वर्षं या काठावर राहते मी,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

जेवणाआधी सगळे डोळे मिटायचे.
मी डाव हातात धरून उभी.
किती वेळ, ते ठरलेलं नसे. भात निवायचा.
एकदा विचारलं, एवढं काय सांगता त्याला?
म्हणाली, आज तुझा गुडघा सांगितला.

माझा गुडघा.
घरातसुद्धा कुणाला नीट माहीत नव्हता तो.

सासू म्हणायची, बाटवायला आलेत,
फुकट गोळ्या कोण देतं?
(गोळ्या तिनं घेतल्या होत्या. चष्माही.)
उकड मळता मळता मी रुआतीला सरळ विचारलं.
ती गप्प. मग म्हणाली,
विचार, असं मला सांगितलंय.
पण आधी ही भाकरी शिकव.

भाकरी काही तिला आली नाही.
थापता थापता फाटायची.
फाटलेल्या आम्ही दोघी खायचो, शेगडीपाशी,
तिच्या डब्यातल्या आंबवलेल्या सोयाबीनबरोबर.
वास असा की माझं सुकटीचं घर चाट पडलं.
बंगळूरच्या पोरांनी माझ्या जवळ्याला नाकाशी रुमाल धरला होता,
तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतला.

आठव्या दिवशी चिंबोरीनं तिचं बोट पकडलं.
नांगी मोडून सोडवलं.
साठ जणांना पट्ट्या बांधलेली बाई
मी हळद दाबत होते तेव्हा
तोंड फिरवून बसली, लहान पोरीसारखी.

शेवटच्या दिवशी खुबे वेचायला गेलो.
गुडघाभर चिखलात तिनं विचारलं,
जे विचारायचं होतं ते.
मी म्हटलं, नाही गो. माझी एकवीरा आहे.
तिनं मान हलवली.
टोपली माझ्याकडे सरकवली,
आणि आम्ही पुढचा पट्टा धरला.
पाणी चढायच्या आत भरायची होती.

चैत्रात डोंगर चढले, तोच गुडघा घेऊन.
आईला तिच्या आईचा खोकला सांगितला.
नाव नीट घेतलं. सगळं. लालरुआतपुई.
मागच्या बाईनं ढकललं, आटप म्हणाली.

मग सुके बोंबील पाठवले.
पोस्टातल्यानं वास घेऊन पार्सल परत केलं.
कुरियरवाल्याचं नाक चोंदलं होतं, त्यानं घेतलं.

महिन्यानं फोटो आला.
तिच्या गॅलरीत दोरी, दोरीला माझे बोंबील,
ढगानं दमट झाले म्हणून पुन्हा उन्हाला लावलेले.
मागं डोंगर, त्यामागं डोंगर,
पाणी कुठंच नाही.

सासूला दाखवला.
फुकटचा चष्मा लावून तिनं बराच वेळ पाहिला.
म्हणाली, एकेकटा टांगलाय येडीनं.
सांग तिला,
जोडीनं टांगायचे असतात,
तोंडात तोंड अडकवून.
नाहीतर वारा नेतो.