निळं जाईपर्यंत

प्रयोगशाळेचं कुलूप नुसत्या किल्लीनं उघडत नाही.
किल्ली बसते, अर्धी फिरते, अडते.
मग उरकुडा नेवारे दाराला खांदा लावतो,
कोयंडा जरासा उचलतो,
किल्लीसाठी कुलूप आतल्या आत सरकतं
आणि खटका पडतो.

पुस्तकात आकृती आहे, कुलूप आणि किल्ली,
दोघंही ठाम, कोरीव.
मी दर वर्षी आधी ती शिकवते
आणि मग पोरांना या दाराशी आणते.

आज अकरावीचं प्रॅक्टिकल.
उरकुडानं घरून दुधाच्या डब्यात
चिन्नोरची पेज आणली.
"निवू द्या मॅडम, तोंड पोयन."
फळ्यावर मी लिहिलं, विकर.
मागच्या बाकावर एकानं उतरवलं, विकार.
एका कान्यानं
कामाचा माणूस आजारी पडतो.

लाळ हवी होती. कुणाची तरी.
तेहतीस तोंडं एकदम कोरडी.
उष्टं, कुणीतरी पुटपुटलं,
आणि हसू बाकांखालून सरपटत पुढं आलं.

आचल पंधरे उठली.
जूनपासून हजेरीलाही
ती नुसता हात वर करायची.
चूळ भरली. परीक्षानळीत थुंकली.
अर्धी लाळ मी दुसऱ्या नळीत घेतली,
स्पिरिटच्या दिव्यावर उकळली.
दोन्हींत पेज ओतली.
वीज गेलेली, पाणी तापवायचं यंत्र थंड,
म्हणून तिला म्हटलं,
तुझी नळी मुठीत धर. तेवढी ऊब पुरते.

पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे ठिपके.
पहिला थेंब पडला
आणि ठिपका पिकल्या जांभळासारखा झाला.
उरकुडा मिनिटं मोजू लागला.

तोवर मी फळ्यावर एक चढ काढला, एक उतार.
"गायखुरी!" पोरं ओरडली.
असू दे, गायखुरी.
अलीकडच्या गावात पेज, पलीकडच्या गावात साखर.
डोंगर चढूनही जाता येतं,
पण त्या वेगानं निघालं
तर सकाळचा घास
आपल्या नातवंडांनाही पचायचा नाही.
विकर कुणाला खांद्यावर घेत नाही.
अलीकडचं गाव उंच करत नाही,
पलीकडचं खोल नेत नाही.
त्याला फक्त खिंड ठाऊक असते.

"खिंडीत काय होते, मॅडम?"
आचलचा आवाज. वर्गानं माना वळवल्या.
मी पुस्तकातली वाक्यं शोधत राहिले,
तीच बोलली,
"बाबा बांबूची कांब चिरते,
तवा आधी गुडघ्यावर वाकवते.
वाकली का कोयत्याले जोर लागत नाही."

हो. तेच.
विकराच्या अंगात एक खोबण असते,
साखळी तिच्यात शिरते,
खोबण तिच्याभोवती मिटत येते,
एक कडी ताणली जाते, वाकते,
आणि पाण्याचा एक रेणू
कोयत्याचं काम करून जातो.
तुकडे सुटतात. खोबण पुन्हा रिकामी,
पुन्हा जशीच्या तशी.
पुढची साखळी.

पाचव्या मिनिटाला ठिपका तपकिरी.
नवव्याला नुसतं आयोडीन,
स्वतःच्या पिवळ्या रंगात.
उकळलेल्या लाळेचा ठिपका मात्र
निळाच, हट्टानं निळा.
लाळ तीच होती. घडी मोडली होती.

उरकुडा टाइल पुसत म्हणाला,
"माय मले घास चावून भरवे.
मले वाटे, तो गोडवा
तिच्या तोंडचा हाय."
मी त्याला दुरुस्त करायला गेले
आणि काय दुरुस्त करायचं ते सापडेना.

घंटा झाली. तो नळी बेसिनवर उलटी करणार
तेवढ्यात आचल म्हणाली,
"काका, ते अजून हाय ना त्यात?"
त्यानं माझ्याकडं पाहिलं.
आहे, मी म्हटलं. सगळंच्या सगळं आहे.
डब्याच्या तळाशी पेज उरली होती.
त्यानं ती नळीत ओतली.
कुणी जागचं हललं नाही.
मागच्या बाकावरून,
ज्यानं काना जास्तीचा दिला होता तोच,
म्हणाला, "काका,
मिनिटं मोजा."