पाठीवरची घंटा

खोक्यावर कराटेवाल्याचं चित्र होतं,
आत निघाली निळ्या केसांची मुलगी.
सीताबर्डीहून किलोवर आणलेल्या कॅसेटींत
ती कशी आली, उकंडाभाऊलाही ठाऊक नव्हतं.

तान्ह्या पोळ्याची रात्र,
वडनेरच्या जिनिंगमागचं टिनाचं शेड, तिकीट एक रुपया.
लाकडी बैल मांडीवर घेऊन आम्ही तीसेक पोट्टे,
कुणाच्या बैलाचं बेगड घामानं सुटत होतं.
टीव्हीतली माणसं भराभर बोलली
आणि शेडात कुणाला काही उमगेना.
"कोनती भाषा व्हय हे?"
भाऊनं आवाज बंद केला,
खर्रा गालात सारला, आणि टीव्हीशेजारी
पिंपावर बसून म्हणाला,
"थांबा. मी सांगतो."

मग ती मुलगी आमच्यासारखी बोलायला लागली.
पाठीवर घंटा, तिच्याहून मोठी.
"माय वं, किती जड हाय हे!"
गाव धरणात गेलं होतं तिचं, आपल्या बोरकडल्यासारखं,
आणि देवळातली घंटा तेवढी
टेकडीवरच्या नव्या गावाला पोचवायची होती.
वाटेत कोल्हा भेटला, त्याला भाऊनं तलाठ्याचा आवाज दिला.
म्हातारी भेटली, तिला स्वतःच्या आत्याचा.
आत्या मागे बसली होती, ती लाजून हसली.

आणि मग वरून पांढरं पांढरं पडू लागलं.
असलं काही आम्ही पाहिलंच नव्हतं.
भाऊही गप्प झाला जरासा.
"जिनिंग फुटली तिकडली," तो म्हणाला,
"कापूस उडून राह्यला."
आम्ही वर पाहिलं. आढ्याला, वायरींना, कोळ्याच्या जाळ्यांना
तसाच चिकटलेला होता आमचा.
यात न पटण्यासारखं काय होतं?

ती झुलत्या पुलावर आली आणि लाइन गेली.
दुसऱ्या दिवशीही पुलावरच गेली. तिसऱ्याही.
अंधारात भाऊ बोलत राहिला,
पोरगी एकेक फळी मोजत राहिली त्याच्या तोंडून,
आणि कुणीतरी रडत होतं, बहुतेक मीच.

तीस वर्षांनी, नोकरीच्या शहरात, रद्दीच्या दुकानात
मला ती पुन्हा दिसली. कागदावर.
तेरा खंड, उजवीकडून डावीकडे जाणारे,
कोपरे कुरतडलेले.
त्यावरून काढलेला सिनेमा आता कुठेच नाही म्हणे,
त्यांच्या देशातही नाही.
रिळं ओल लागून गेली, कुणी म्हणतं चांदीसाठी धुतली.
मी रात्रभर पानं उलटली.
कोल्हा बोलतो, म्हातारी बोलते, पाणीसुद्धा बोलतं.
ती मुलगी तेरा खंडांत एकदाही बोलत नाही.

दिवाळीत गावी गेलो.
शेडात आता सोयाबीनची पोती आहेत.
भाऊ ओट्यावर बसून होता,
खर्ऱ्यानं जबडा धरलाय,
तोंडात एक बोट जाईल एवढीच फट.
दूधभात पातळ करून चमच्यानं देतात.
कॅसेटीचं विचारलं तर हातानंच सांगितलं:
मंदाचं लग्न भरलं त्यावर.
मग बुरशी आली.
मग हात झटकला.

मी खंड दाखवले. त्यानं बराच वेळ
त्या निळ्या केसांवर अंगठा ठेवला,
कागदावर ते काळेच होते, तरी.
मग त्या फटीतून, शब्द चाळून काढावेत तसं:
"पोचली काय मंग थे?"

तेव्हा कळलं, यानंही शेवट पाहिलाच नव्हता.

"पोचली," मी म्हणालो.
"घंटी?"
"टांगली. पण वाजली नाही.
आत बरफ भरला होता, गच्च."

त्यानं मान हलवली, जबड्याला हाताचा टेकू देऊन,
चुकलेल्या पोराला समजवावं तशी.
"बरफ नाही बे," तो म्हणाला.
"कापूस."