बावन्नचा सिलेंडर

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत
दस्तगीरनं चेनसॉचं पोट उघडलं.
शेहेचाळीसचा काढला, बावन्नचा बसवला.
पिस्टनच्या डोक्यावर शिशाची तार चेपून
फट मापली : अर्धा मिलिमीटर.
गालात हसला.

गिऱ्हाईक आजऱ्याचं, सुबराव.
"बिडी संपायच्या आत खोड पडाय पायजे."
"पडंल की. पण क्रँक जुनीच हाय.
हाडं तीच, काळीज तेवढं मोठं."

दोरी ओढली.
समोरच्या फाउंड्रीतली माणसं दारात आली,
कपातल्या चहावरची साय थरथरली.

बंद केल्यावर
दस्तगीर जरा टेकला ऑइलच्या डब्यावर.
खिशात सीपीआरचा कागद, चार घड्यांचा :
हृदय वाढले आहे.
डॉक्टर काही हसत बोलला नव्हता.

"दमानं चालीव," तो म्हणाला,
"पहिल्या दोन टाक्या तरी."