आगळीक

हत्तुरे बाई फळ्यावर शब्द लिहायच्या
आणि खाली: वाक्यात उपयोग करा.
आम्ही सातवी ‘क’. घरी तेलुगू, गल्लीत कानडी,
मराठी फक्त शाळेत आणि पगाराच्या दिवशी.
आगळीक. कुणालाच येईना.
बाई म्हणाल्या, पायरी सोडून वागणं.
आमच्या विडी घरकुलातल्या घराला पायरीच नव्हती.

‘आगाऊ’ तेवढा माहीत होता.
आगाऊ म्हणजे शेठकडून उचललेले तीन हजार,
ते फिटत नाहीत तोवर माग सोडता येत नाही.
आणि आगाऊ म्हणजे मी,
कारण आई विड्या वळत असताना विचारायचे,
पत्र्याच्या फर्म्याएवढंच पान का कापायचं?
“लई जास्ती करलालीस बे तू,” शेजारीण म्हणायची.

त्याच डिसेंबरात नायनानं एक चादर
चार बोटं लांब विणली.
नव्वद इंचाला शेवटची पट्टी घालायची, त्यानं घातली नाही,
धोटा फिरत राहिला.
घडी झाल्यावर ती गठ्ठ्यातून बाहेर आली
जीभ काढल्यासारखी.

मी विचारलं, चुकून?
नाही म्हणाला.
कांड्या भरणारा चंदप्पा, अक्कलकोटकडचा, सहा फुटांच्या वर,
मागांच्या मधल्या बोळात झोपतो.
रोज पहाटे त्याचे पाय उघडे दिसतात.
उंच माणसाला थंडी पण लांब लागते, बिड्डा.

अंथरूण पाहून पाय पसरावे,
ही म्हण आम्हाला पाठ, दोन गुणांना यायची.
नायनाला मराठी म्हणी येत नव्हत्या.
त्यानं पाय पाहून अंथरूण विणलं.

शेठनं माफीनामा मागितला. मराठीत.
मी वहीचं पान फाडलं, लिहिलं:
माझ्याकडून आगळीक घडली, पुन्हा घडणार नाही.
पहिल्यांदाच तो शब्द वाक्यात बसला होता,
बाईंना दाखवावा असं वाटलं.
लाज वाटली नाही. ती बऱ्याच वर्षांनी आली.
नायनानं त्यावर बोट ठेवलं: याचा अर्थ?
मी पायरीचं सांगितलं नाही.
म्हटलं, असायला हवं त्याहून जास्त.
त्यानं मनात मोजलं.
“मग बरोबर आहे. चार बोटं. राहू दे.”
आणि खाली तेलुगूत सही केली.

शेठ खूश. पोरीचं मराठी चांगलंय.
चादर कापून मापात घेतली, पगारातून चाळीस रुपये,
आणि माझं वाक्य त्यानं ठेवून घेतलं.
पुढे सगळे त्याच वाक्यात माफी मागू लागले.
व्यंकटनरसू: बोनस कधी, असं विचारलं.
लचमव्वा: उकाड्यात खिडकी उघडली, सुतावर धूळ आली.
राजमौळी: शेठ उभा असताना बसून राहिला.
वाक्य तेच, नाव बदलायचं.
मी पानाचे आठ आणे घ्यायचे.

आता कोश उघडून बघते.
आगळा म्हणजे अधिक, आगळा म्हणजे निराळा,
लोक कौतुकानं म्हणायचे, म्हणतातही.
मागे एक ‘ईक’ लागली की माफी मागावी लागते.
का, ते कोशात नाही.

सगळ्यात शेवटी चंदप्पा आला,
वाकून, कारण चौकट डोक्याला लागते.
काय केलंस?
चिंधी नेली, म्हणाला, टाकाऊच्या पोत्यातली.
आपल्या चादरीला शिवली, काळ्या दोऱ्यानं.
केवढी?
त्यानं अंगठा दुमडून हात पुढे केला.

‘माझ्याकडून’ एवढं मी लिहिलं
आणि पेन तिथेच राहिलं.
तो थोडा वेळ थांबला. आठ आणे जमिनीवर ठेवून गेला.
शेठला त्यानं नंतर काय दिलं, मला माहीत नाही.
ते पान अजून माझ्याकडे आहे,
एका शब्दाचं.