बारा मिनिटं

दुपारी दोन ते पाच, कमवा-शिका योजनेत,
वडाळ्याच्या कॉलेजात, ग्रंथालयाच्या तळघरात
मी पुस्तकांच्या पाठींवर नंबर डकवते.
तासाला पंचावन्न रुपये.
डिंक कॉलेजचा, बोटं माझी.

शिक्का सतराव्या पानावर मारायचा,
असं तिर्लोटकर सर सांगतात.
का, ते त्यांनाही माहीत नाही.
त्यांच्या सरांनी सांगितलं होतं.

सकाळी माझ्याच बाकावर बसलेली रेवा खांडेपारकर
खिडकीशी येते,
"मॅडम, एवढं रिन्यू करा ना,"
मग ओळखते, जीभ चावते.
मीही हसते
आणि दंडाचे सहा रुपये मागते.
सुटे नाहीत म्हणते.
मी थांबते.

महिनाअखेर व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टँप,
सही अर्धी त्याच्यावर, अर्धी कागदावर.
दोन हजार तीनशे दहा.
परीक्षेची फी भरून उरले
त्यात आईचा चष्मा झाला.
फ्रेम मोठी झाली गं, म्हणाली,
आणि झोपेपर्यंत काढला नाही.

आज रजिस्टर मिटताना दिसलं,
अर्थशास्त्राचं ते जाडजूड पुस्तक,
जे विकत घेणं जमलं नव्हतं,
मुदत संपून अकरा दिवस
माझ्याच नावावर.
सर चहाला गेलेले.
पंखा तेवढा बघत होता.

मी माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट.
पुढे अकरा रुपये.
म्हणजे बारा मिनिटं.
गल्ल्यात नाणी टाकली, पावती फाडली,
आणि खिडकीच्या त्या बाजूला बघून म्हटलं,
पुढच्या वेळी वेळेवर आणा.