तिसरा नंबर

मस्कतला साडेसहा वाजतात तेव्हा
चोडणला आठ झालेले असतात.
हा दीड तास अ‍ॅपला आधी समजवावा लागला.
पहिला आठवडाभर ते बाबांना
सकाळची गोळी साडेनऊला विचारत होतं.

सहाला नाईट संपते.
खोलीवर येऊन, वॉर्डातल्या चपला न काढता
मी एकेक रकाना भरला :
प्रेशरची सकाळी, साखरेची जेवणाआधी,
रक्त पातळ करणारी रात्री,
ती गुरुवारी मात्र अर्धीच.
इथं रात्रीत चाळीस जणांच्या तळहातावर
मी गोळी ठेवते, पाणी देते,
गिळेपर्यंत थांबते.

काळजी घेणारी व्यक्ती, क्रमांक एक : मी.
पंधरा मिनिटांत डब्याचं झाकण उघडलं नाही
तर माझा फोन लाल होणार.
क्रमांक दोन : इश्पेरान्सा.
ती सातला येते, पेज करते, फरशी पुसते,
आणि फोन फ्रिजवर ठेवते, पालथा.
क्रमांक तीन : रोहिदास, माझा भाऊ,
क्रूझवर, बहुतेक वेळ रेंजबाहेर.
मंगळवारी चुकलेली गोळी
त्याला शुक्रवारी कुठल्याशा बंदरात मिळाली.
तो घाबरून रडतच बोलला.
तोवर बाबा तीन दिवस ठणठणीत होते.

रोज आठला घंटा. रोज सव्वाआठला लाल.
मी इश्पेरान्साला फोन लावते.
ती म्हणते, "डबो हांगा, मनीस थंय."

थंय म्हणजे धक्क्यावर.
चौतीस वर्षं त्यांनी रायबंदरची फेरीबोट चालवली.
आठची बोट धक्क्याला कशी लागते
हे पाहिल्यावाचून त्यांचा दिवस उजाडत नाही.
मी फोनवर चिडले. ते शांतपणे म्हणाले,
"घंटा झाली की बोट सुटते, बाय.
घंटा झाल्यावर घरात कोण बसतं?"

म्हणजे इतके दिवस
मीच त्यांना घराबाहेर काढत होते.

आवाज बदलून पाहिला.
पावा त्यांना आवडला नाही.
कोंबडा शेजारच्यांना.

शेवटी रोहिदासला चौथ्यावर ढकललं.
तिसऱ्या जागी सगुणचा नंबर टाकला.
सगुण बोटीवर दोरखंड बांधतो,
बाबांच्याच हाताखाली शिकलेला.
नातं निवडा, अ‍ॅप म्हणालं :
जोडीदार, मुलगा, मुलगी, परिचारिका, शेजारी, इतर.
इतर दाबलं. तर : स्पष्ट करा.
खूप वेळ काही सुचेना.
मग लिहिलं, फेरीबोट.
त्याने घेतलं.

दुसऱ्या दिवशी आठ वीसला
नदीच्या मधोमध सगुणचा खिसा वाजला.
रॅम्प अजून खाली यायचा होता,
तिथूनच तो ओरडला,
"तांडेल, गुळी!"
बोटीवरच्या साऱ्या स्कुटरवाल्यांनी
बाबांकडे पाहिलं म्हणे.
इश्पेरान्साने सकाळीच त्यांच्या शर्टाच्या खिशात
कागदात गुंडाळून एक ठेवून दिली होती,
मला न सांगता.

अ‍ॅप गोंधळलं.
डबा उघडलेला नाही,
तरी गोळी घेतल्याची नोंद आहे.
खात्री करा.
सगुण म्हणाला, "बोल्सांत आशिल्ली.
म्हजेमुखार घेतली."
मी खात्री केली.

आता तो लिहीत नाही, आवाज पाठवतो.
ज्या दिवशी सगळं वेळेवर होतं
त्या दिवशी काहीच येत नाही,
आणि खरं सांगायचं तर
त्या दिवशी मला झोप लागत नाही.

आज आलाय. सोळा सेकंद.
आधी इंजिन, मग कोणाचा तरी हॉर्न,
बाटलीचं बूच फिरल्याचा आवाज.
बाबा खोकतात.
मग थोडा वेळ नुसतं पाणी, नदीचं की बाटलीचं
कळत नाही.
मी थांबते.
रॅम्प सिमेंटवर खरवडतो.
मी चपला काढते.