ठसा

सकाळी सहा दहाची ब्रह्मपुरी-नागपूर.
मांडीवर बर्फाचा थर्मास,
आत एक नळी, नळीत अर्धा मिली पाणी,
काल रात्री लेकराच्या श्वासनळीतून ओढून घेतलेलं.
कंडक्टरनं विचारलं, मासोळी हाय का बाई?
मी म्हटलं, दूध.
अगदीच खोटं नव्हतं ते.

लेकराला अजून नाव नाही.
पायाच्या पट्टीवर 'वनमालाचं बाळ', वजन चौदाशे साठ,
आठ आठवडे आधीच येऊन बसलेलं.
नळीनं दूध दिलं की पाठीची कमान करतं,
ओठ जांभळावर जातात,
मशीन ओरडतं, सिस्टर तळव्याला टिचकी मारते
आणि ते परत येतं.
एक्सरेत उजवीकडे वर पांढरा ढग.
डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया असेल.
मग म्हणाले, नसेलही.

वनमाला तीन दिवस सांगत होती,
"याचा श्वास आंबट येते जी."
कुणी लिहून घेतलं नाही.
आमच्या कागदात वासाला रकाना नाही.

पेप्सिन जठरातलं.
दुधाची गाठ सोडवायची, एवढंच त्याचं काम.
फुफ्फुसाला ते बनवता येत नाही;
तिथं सापडलं, तर खालून चढून आलेलं असणार.
हे मी समजावत होते, तर मेंडकीचा दामदेव,
लेकराचा बाप, वनखात्यात रोजंदारीवर,
मधेच म्हणाला,
"म्हंजे पगमार्क पाहाचा हाय तुमाले."
होय, दामदेवभाऊ.
"मंग ध्यानात ठेवा. ठसा दिसला म्हंजे वाघ गेला, येवढंच.
भुका होता का पोट भरून होता,
थे माती नाई सांगत."

भिवापूरच्या अलीकडे सातऱ्यावर
बाया मिरचीचे डेठ खुडत बसलेल्या.
खिडकीतून वारा आत आला
आणि सगळी बस एकदम खोकली,
ड्रायव्हर, कंडक्टर, मागच्या सीटवरची शाळेची पोरं.
पोटात जायचं ते छातीत गेलं होतं.
मी थर्मास घट्ट धरून ठसकत राहिले.
आम्हाला ठसका लागतो, पाठीवर कुणी थापटतं.
बत्तीस आठवड्यांच्या छातीला
खोकायचं अजून ठाऊक नसतं.
ती नुसती थांबते.

चार दिवसांनी आकडा आला. होय, आहे.
खाली बारीक अक्षरात:
किती म्हणजे जास्त, हे ठरलेलं नाही;
धडधाकट बाळांतही थोडं आढळतं.

वॉर्डात वनमालानं लेकरू
लुगड्याच्या पदरानं छातीशी उभं बांधलेलं.
खांद्यावर दुधाचा कडक झालेला डाग.
आकडा तिनं विचारला नाही.
"वास घ्या बाई," म्हणाली, "आज कमी हाय."

मी वाकले.
मला नुसता दुधाचा वास आला, आणि तिच्या घामाचा.
तरी नोंदवहीत, समासात,
तारीख घालून लिहिलं:
आज कमी.